करमरकरांची पश्चिमेची खिडकी

मनोहर करमरकरांना कुठलीही वस्तू नुसती विकत घेता येत नसे. ते आधी तुलना करीत. साधा कंगवा घ्यायचा झाला तरी चार दुकानं, दोन शेजारी आणि नागपूरचा मेहुणा एवढ्यांचं मत आल्याशिवाय त्यांचं पाकीट खिशातून निघत नसे, आणि ही मतं गोळा होईपर्यंत डोक्यावरचे केस काही थांबायला तयार नव्हते. वृंदावहिनी तर म्हणत, "मला बघायला आलात त्या दिवशी दुसरी मुलगी गावाला गेली होती, म्हणून माझं जमलं. नाहीतर अजून तुलनाच चालली असती." यावर करमरकर हसत. ते फारसं खोटं नाही हे त्यांनाही ठाऊक होतं.

सरकारी बदलीने ते कलकत्त्याला आले आणि गार्डन रीचच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्यांच्या वाट्याला आला. बैठकीच्या खोलीला पश्चिमेकडे चार तावदानांची भिंतभर खिडकी होती. तिच्यातून गंगा दिसे, गंगेतल्या बोटी दिसत, आणि दुपारचे चार वाजले की नदीवरचं सगळं ऊन जणू यांच्याच पत्त्यावर येऊन उतरे. शेजारीपाजारी त्यांना कर्मकारबाबू म्हणत. आपण करमरकर आहोत, बंगालीतले कर्मकार म्हणजे लोहार नव्हे, हे त्यांनी पहिले सहा महिने सांगून पाहिलं. मग तोही नाद सोडला.

या उन्हाने मागच्या चैत्रात घात केला होता. कलकत्त्यातलं वृंदावहिनींचं ते पहिलंच हळदीकुंकू. आदल्या रात्रीपासून डाळ भिजत होती, कैऱ्या न्यू मार्केटपासून शोधून आणल्या होत्या. इथल्या मराठी बायकांमध्ये शेवटचा शब्द भडकमकर काकूंचा. प्रेमलताबाई भडकमकर म्हणजे जन्म इथला, शिक्षण इथलं, डमडमला स्वतःचं घर, आणि कोणती नवी बाई "आपल्यातली" हे ठरवण्याचा मान गेली तीस वर्षं त्यांच्याचकडे. त्या आल्या, नेमक्या उन्हाच्या तोंडावर बसल्या, अर्धा पेला पन्हं प्यायल्या आणि "नदी छान दिसते हो तुमच्याकडून" असं म्हणून पदराने वारा घेत उठल्या. त्या उठल्या म्हटल्यावर बाकीच्या कशाला बसतात? खोली रिकामी झाली. पातेलंभर आंब्याची डाळ उरली. ती नवराबायकोने तीन दिवस, सकाळसंध्याकाळ, एकमेकांकडे न बघता संपवली.

म्हणून या वर्षी वृंदावहिनी म्हणाल्या, "मी नाही करायची हळदीकुंकू."

त्या रागावून म्हणाल्या असत्या तर करमरकरांनी पेपर वर धरला असता. पण त्या अगदी साध्या आवाजात, तांदूळ निवडताना म्हणाल्या. ते त्यांना लागलं. कलकत्त्यात या बाईला बोलायला आपल्याशिवाय कोणी नाही, आणि आपण काही फार बोलण्यासारखे नाही, हे त्यांच्या एकदम ध्यानात आलं.

"तू आमंत्रणं दे," ते म्हणाले. "डाळ, पन्हं, गौर तुझ्याकडे. ऊन माझ्याकडे लागलं."

आणि तुलना सुरू झाली.

तळमजल्यावरचे श्यामसुंदर घोषाल निवृत्त होते, त्यामुळे सल्ल्याला चोवीस तास मोकळे. त्यांनी खिडकीकडे बराच वेळ बघून निकाल दिला, "चूना! कर्मकारबाबू, चूना लगाइए. कारखाने में हम लोग काँच पर चूना ही लगाता था. एकदम ठंडा!" दुसऱ्या दिवशी त्यांनी तो विचार बदलला आणि चुन्यात कपड्यांची नीळ घालायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, यातलं काहीच नको, पश्चिमेकडे तोंड करून बसायचंच कशाला? कार्यालयातल्या एकाने वाळ्याचे पडदे सुचवले. ते चांगले, पण त्यांच्यावर दर दहा मिनिटांनी पाणी मारायला लागतं, आणि तिसऱ्या मजल्यावर पाणी दिवसातून दोनदा, नळाची लहर फिरेल तेव्हा येई. आणखी एकाने सांगितलं, नाटकवाले दिव्यांवर लावतात तो जिलेटिनचा रंगीत कागद लावा. करमरकरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. लोकांना सल्ला देताना जो आनंद होतो तो आपल्याला सल्ला घेताना का होऊ नये, असं त्यांचं मत होतं.

अडचण निघाली ती वेगळीच. डिसेंबरातल्या लढाईच्या वेळी वसाहतीच्या सगळ्या खिडक्यांना खात्याने ब्लॅकआउटचा काळा कागद चिकटवायला लावला होता. लढाई संपली, पलीकडे नवा देश झाला, बाकीच्या बिऱ्हाडांनी कागद खरवडून टाकले. करमरकरांच्या खिडकीवर मात्र तो तसाच होता, कारण ते नियमाने चालणारे गृहस्थ. ते वसाहतीचे ओव्हरसियर राखालबाबू यांच्याकडे परवानगी मागायला गेले.

"लावायचा हुकूम आला होता," राखालबाबू हिंदीत म्हणाले. "काढायचा आलेला नाही."

"पण बाकीच्यांनी काढला की!"

"त्यांनी मला विचारलं नाही. तुम्ही विचारलंत. आता मला नाही म्हणावं लागेल."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. करमरकर तरी म्हणाले, की मग त्यावरून दुसरं काही चिकटवलं तर? राखालबाबूंनी चहाचा घोट घेतला आणि सरकारी काचेला सरकारी वस्तूखेरीज काही चिकटवता येत नाही, असं सांगितलं. बाहेर पडताना मात्र ते मागून म्हणाले, "कर्मकारबाबू, मी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. गुडघे दुखतात." करमरकरांना हा सरकारी होकार आहे हे कळायला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

कागद तसाच ठेवावा, असंही एकदा मनात आलं होतं. उन्हाची बाब आयतीच मिटली असती. पण काळा कागद तापून खोलीची भट्टी होई, आणि वृंदावहिनी म्हणाल्या, "माझी गौर काय अंधारात बसवू? चोरून आणल्यासारखी?" तेव्हा कागद खरवडला. त्यात दाढीची सगळी पाती बोथट झाली आणि पुढले काही दिवस करमरकर कार्यालयात हनुवटीला कापसाचे बोळे लावून वावरले.

मग त्यांनी शास्त्रशुद्ध परीक्षा मांडली. पहिल्या तावदानाला चुना, दुसऱ्याला निळीचा चुना, तिसऱ्याला जिलेटिन, आणि चौथ्याला खिदिरपूरच्या गोदीमागच्या बाजारातून आणलेली एक चकचकीत फिल्म. ती विकणाऱ्याने आधी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग कानात सांगितलं होतं, "साहब, जापानी माल है. जहाज के कप्तान के केबिन से आया है. लगाइए, अप्रैल में दिसंबर!" रंग मोरपंखी, हिरव्यानिळ्याच्या मधला, आणि चांगला गडद. उष्णता मोजायला दुसरं काही नव्हतं म्हणून करमरकरांनी घरातला तापाचा थर्मामीटर काढला आणि रोज चार वाजता एकेका तावदानाला लावून, डॉक्टरसारखा चेहरा करून ते वाट बघत बसू लागले. चुन्याला ताप होता. निळीलाही होता. जिलेटिन दुसऱ्याच दिवशी सुरकुतून सुटलं. जपानी फिल्मच्या मागे पारा सगळ्यांत खाली राहिला. खालून जाणारे लोक मान वर करून ती चार रंगांची खिडकी बघत, आणि इथे होमिओपॅथीचा दवाखाना निघणार अशी बातमी वसाहतीत पसरली.

करमरकरांनी त्या फिल्मचं सगळं तपासलं. ऊन तपासलं. तिच्या उजेडात पेपर वाचून पाहिला, अक्षरं काळीच्या काळी दिसली. ओल्या फडक्याने पुसून पाहिली. बाहेरून घोषालबाबूंना उभं करून आतलं काही दिसतं का ते विचारलं. एवढी कसून पारख त्यांनी नोकरीत कधी केली नव्हती. परीक्षा पुरुषाने घेतली तर ती पुरुषाच्या वस्तूंनीच होणार. पेपर, थर्मामीटर आणि शेजारी.

चारही तावदानांना तीच लावून उरलेली फिल्म त्यांनी आपल्या जुन्या गाडीच्या मागच्या काचांना लावली. भडकमकर काकूंना डमडमहून भर दुपारी आणायचं, तर गाडीतही सावली हवी. हौसेच्या भरात फिल्म काचेवरून दाराच्या पत्र्यावरही बोटभर गेली, त्यामुळे काच खाली होईना. पण फिल्म लावल्यावर काच खाली करायची गरजच काय, असं त्यांनी स्वतःला पटवलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी खिडक्या सताड उघड्या होत्या. त्या स्वच्छ उजेडात वृंदावहिनींनी गौर मांडली, झोपाळ्यात बसवली, भोवती आरास केली. बाराच्या सुमाराला करमरकरांनी खिडक्या लावल्या. फटीतून एक तिरीप आली तरी आपल्या शब्दाला बट्टा लागेल, म्हणून सगळ्या फटींवर ब्लॅकआउटची उरलेली डिंकाची पट्टी ओढली. चारही तावदानं आता मोरपंखी झाली होती. खोली देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांत वाटत होती. ते खूश होऊन डमडमला निघाले.

काकू गाडीत मागे बसल्या. काच खाली होत नसल्याने थोड्याच वेळात त्यांना "ओ माँ, की गरम!" झालं आणि मग त्यांनी मान मागे टाकून डोळे मिटले. फोर्ट विल्यमजवळ एका जवानाने हात करून गाडी थांबवली. लढाईनंतर अजून तिथे येणारीजाणारी गाडी बघत असत, आणि ही तर रंगीत काचांची. "अंदर कौन है?" त्याने विचारलं. करमरकरांनी हिंदीत उत्तर दिलं. त्यांचं हिंदी पहिल्या शब्दालाच मराठी निघे. जवान साताऱ्याकडचा होता. त्याने वाकून मागच्या काचेतून पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"आवं, आजीबाईंस्नी काय झालंय? पार निळ्या पडल्यात की! जावा, जावा बिगीबिगी!"

त्याने दुसऱ्या गाड्या अडवून यांना वाट करून दिली. निळ्या पडल्या म्हणजे उन्हाने कोमेजल्या, अशी तिकडची बोली असावी, असा करमरकरांनी अर्थ लावला. परमुलखात आपल्या माणसाने आपल्याला असा मान दिला म्हणून त्यांना भरून आलं. पुढे घरापर्यंत ते एक हात खिडकीबाहेर काढून मंत्र्यासारखी गाडी चालवत होते.

घरी पोचले तेव्हा बायका जमल्या होत्या आणि वीज नेहमीप्रमाणे चार वाजता गेली होती. पण त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. बाहेर जाळ, आणि आत ही सावली! काकू आत आल्या, दारापाशी नव्हे तर चक्क खिडकीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "बाः! वृंदा, खूब आराम वाटतो गं इथे." वृंदावहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याकडे बघितलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण अशी नजर त्यांना क्वचित मिळाली होती. पुरुषाने हळदीकुंकवात थांबायचं नसतं, म्हणून ते शर्ट काढून, बनियनवर, स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि दाराच्या फटीतून आपल्या खिडकीचं कौतुक ऐकू लागले.

वृंदावहिनींनी करंडा उघडला आणि पहिला मान काकूंना दिला. हळद लावली. ती हिरवी लागली. त्या क्षणभर थबकल्या. चुलीपुढून एकदम सावलीत आल्याने डोळ्यांपुढे रंग येत असतील, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी कुंकू लावलं.

ते काळं होतं.

त्यांनी बोट पुसलं, करंडा हलवला, तळातलं कुंकू घेऊन पुन्हा त्याच जागी लावलं. काळंच. शेजारी बसलेल्या शकुनताईंना लावलं, तेही काळं. बायका एकमेकींच्या कपाळांकडे बघू लागल्या. कुणाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावल्यासारख्या सगळ्या सवाष्णी बसल्या होत्या. पुढ्यातली डाळ शेवाळासारखी दिसत होती, कलिंगडाच्या फोडी कोळशासारख्या. झोपाळ्यातली गौर तेवढी काही न बोलता काळवंडून बसली होती.

"अगो बाई," कुणीतरी हळूच म्हणालं. "गौरीपुढे हे कसलं?"

वृंदावहिनी धावत आत आल्या, फळीवरची नवी पुडी फोडली. स्वयंपाकघराच्या उजेडात तिच्यातलं कुंकू लालबुंद होतं. त्या बाहेर गेल्या, काकूंच्या कपाळाला तिसऱ्यांदा, चांगलं ठसठशीत बोट लावलं, आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत काळं झालं. त्यांचा हात तसाच राहिला.

फटीतून करमरकरांनी वृंदावहिनींचा चेहरा बघितला आणि ते पाटावरून उठले. जवान काय म्हणाला होता ते त्यांना आता कळलं. कप्तानाच्या केबिनीत कधी हळदीकुंकू झालं नसणार, हेही कळलं. त्यांनी हाताला लागलं ते उलथणं उचललं आणि बनियन, पायजमा आणि उलथणं अशा थाटात ते बायकांमधून वाट काढत खिडकीवर चालून गेले.

"माफ करा हं, जरा सरकता का... नाही नाही, बसा... कुंकू चांगलं आहे हो! मी वाईट आहे!"

पट्ट्या सुटेनात. डिंक सरकारी होता आणि लढाईसाठी केलेला होता. त्यांनी उलथण्याने फिल्मची कड उचकटली, दोन्ही हातांनी धरली आणि अंगातला सगळा जोर लावून ओढली. चर्रकन आवाज होऊन तावदानं उघडी पडली, आणि गंगेवरचं ऊन धाडकन खोलीत आलं.

डाळ पिवळी झाली. कलिंगड लाल झालं. गौर हसली. आणि तीन तीन वेळा लावल्यामुळे भडकमकर काकूंच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढं लालभडक कुंकू झळकत होतं. काकूंनी शकुनताईंकडे पाहिलं, शकुनताईंनी काकूंकडे पाहिलं आणि आधी कोण हसलं ते कुणालाच सांगता येणार नाही. खोली हसण्याने भरून गेली. वृंदावहिनी डोळे पुसत हसत होत्या.

पण ऊन ते ऊन. मिनिटाभरात काकूंनी पदर कपाळावर ओढला, डोळे बारीक केले आणि एक पाय उठण्यासाठी जवळ घेतला. करमरकरांनी तो पाय बघितला. मागच्या वर्षीही आधी तो पायच हलला होता. त्यांनी दिवाणावरची चादर ओढली, खिडकीतल्या कट्ट्यावर चढले, बायकांकडे पाठ केली, चादर पाठीमागे सोडली आणि तिची दोन टोकं धरून हात वर केले. खोलीत सावली पडली. पांढरी, साधी, कुठलाही रंग न बिघडवणारी.

"असे किती वेळ उभे राहणार?" वृंदावहिनींनी घाबरून विचारलं.

"तुम्ही चालू द्या," ते चादरीमागून म्हणाले. "ऊन माझ्याकडे लागलंय."

उन्हाने त्यांचं तोंड भाजत होतं. खाली रस्त्यावर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत हात वर करून उभा राहिलेला बनियनवरचा माणूस बघून लोक जमायला लागले. त्या दिवसांत कलकत्त्यात हात वर करून उभा राहिलेला माणूस बघितला की लोकांच्या मनात नाही नाही ते येई. घोषालबाबू धावत अंगणात आले आणि बंद काचेपलीकडे पोचेल अशा आवाजात ओरडले.

"की होलो, कर्मकारबाबू? घेराव?"

"नाही!" करमरकर होती नव्हती ती प्रतिष्ठा गोळा करून काचेआडून ओरडले. "हळदीकुंकू!"

हा कुठला नवा पक्ष, असा विचार करत घोषालबाबू बराच वेळ तिथेच उभे होते. गर्दीत राखालबाबूही होते. त्यांनी सरकारी काचेला चिकटलेल्या कर्मचाऱ्याकडे एकदा पाहिलं, आपल्या गुडघ्यांवर हात ठेवला आणि घरी गेले.

मागे बायका बसल्या त्या बसल्याच. उखाणे झाले. डाळ पुन्हा मागितली गेली. भडकमकर काकूंनी डमडमच्या घराच्या, सासूच्या गोष्टी सांगितल्या आणि "वृंदा, पुढच्या मंगळवारी आमच्याकडे. आपल्यातल्या आपल्यातच आहे" असं म्हणाल्या. ते "आपल्यातल्या" करमरकरांनी चादरीमागून स्पष्ट ऐकलं. त्यांचे हात बधिर झाले होते, नाकावरून घाम टपकत होता आणि तो पुसायला तिसरा हात नव्हता. तरी त्यांना त्या क्षणी कुणी खाली उतर म्हणालं असतं तर ते उतरले नसते.

सूर्य नदीपलीकडे गेला तेव्हा काकू उठल्या. जाताना त्या खिडकीपाशी थांबल्या. "वृंदा, मंगळवारी यांनाही आण हो," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेसुद्धा पश्चिमेचीच खिडकी आहे."

घोषालबाबूंनी आपण होऊन काकूंना टॅक्सी आणून दिली. बाकीच्या बायकाही पांगल्या. वृंदावहिनींनी दार लावलं आणि मागे वळून पाहिलं. करमरकर अजून कट्ट्यावरच होते. चादर पडली होती, पण खांदे आखडल्यामुळे हात खाली येत नव्हते. तोंड कुंकवासारखं लाल झालं होतं.

"डाळ उरलीय का गं थोडी?" त्यांनी विचारलं.

त्यांनी पातेलं आणून दाखवलं. रिकामं होतं. कडेला लागलेली तेवढी बोटाने निपटून वृंदावहिनींनी टाचा उंच केल्या आणि ती त्यांच्या तोंडात घातली.

"कशी झालीय?"

"छान."

"मागच्या वर्षीपेक्षा?"

करमरकरांनी विचार केला. मागच्या वर्षीची डाळ त्यांनी तीन दिवस, सकाळसंध्याकाळ खाल्ली होती.

"मागच्या वर्षीची," ते म्हणाले, "मला आठवत नाही."